चार मिलिमीटर

डॉ. फुलझेलेंनी खालची पापणी ओढून
कडेला कागदाची एक पट्टी अडकवली,
वर निळे आकडे,
आणि म्हणाल्या, मिटून बसा पाच मिनिटं.
धंतोलीतला दुसरा मजला. खाली रसवंतीचं घुंगरू.
मग पट्टी उजेडात धरली : चार मिलिमीटर.

मला हसू आलं.
एकतीस वर्षं सोनेगावच्या वेधशाळेत
मी मिलिमीटरच मोजले.
चार म्हणजे आमच्याकडे
धूळ बसण्यापुरता.

"पण मॅडम, माझ्या डोळ्यांतून तर पाणी गळतं.
परवा बुधवार बाजारात
सांबारवालीनं जुडी फुकट टाकली पिशवीत,
म्हणे, रडू नका वो बाई, नवरे असेच राह्यते."

डॉक्टर हसल्या नाहीत. चिठ्ठीमागे पापणी काढली,
तिच्या कडेला टिंबं टिंबं :
ह्या तेलाच्या ग्रंथी. तुमच्या तुंबल्यात.
वर तेलाचा पापुद्रा नसला की पाणी उडून जातं,
डोळा घाबरतो आणि पूर सोडतो.
तो पूर कामाचा नसतो.

मला हिरवळीवरचं ते पात्र आठवलं,
चिमण्यांनी पिऊ नये म्हणून जाळी घातलेलं.
नवतप्यात रोज सकाळी साडेआठला
मी त्यात मापानं पाणी ओतायची,
काल जेवढं उडालं तेवढं.
तेरा. चौदा. एकदा अठरा.

आणि झडपांच्या पांढऱ्या पेटीतला ओला गोळा,
मलमल गुंडाळलेला तापमापक.
मलमल वाळली की वाचन खोटं.
नवीन पोट्टे आले की आधी हेच सांगायची :
बाकी सगळं विसरा, मलमल विसरू नका.
आणि स्वतः?
साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे,
भोयरबाई पापणी न लववता पारा वाचतात.

आता लववायला शिकते आहे.
पूर्ण मिटा, अर्धी नको, दोन मोजा, उघडा.
सकाळी गरम पाण्यात पिळलेला पंचा डोळ्यांवर,
थंडावला की पुन्हा;
मग बोटानं पापणीची कड, जपून,
दुधावरची साय सारावी तशी.
थेंब एका वेळच्या कुपीतले,
पेन्शनीतून महिन्याला सातशे.

भांडण फक्त कुलरवरून.
रात्री दहालाही भिंतीला हात लावता येत नाही
आणि ह्यांना वारा तोंडावर लागतो.
माझ्या डोळ्यांत पहाटे रेती.
चार रात्री आम्ही कुलरचं तोंड
इकडचं तिकडे करत राहिलो, न बोलता.
पाचव्या रात्री भास्कररावांनी कुलर पायथ्याशी ओढला
आणि उशी घेऊन स्वतः उलटे झोपले :
"घे बाप्पा, तुया डोयाले शांती, माह्या तोंडाले वारा."

बेबीताईंच्या तेरवीला
थेंबाची वेळ झाली. कोपऱ्यात जाऊन टाकला,
तो गालावर उतरला.
जाऊ म्हणाली, बरं झालं, मोकळी झालीस एकदाची.
मी रुमाल फिरवला.
नणंदेसाठी त्याआधी बारा दिवस
मी कोरडीच रडले होते, खडे टोचावेत तशी.
ते कुणाच्या नजरेत आलं नव्हतं.

शेवटच्या खेपेला विचारलं, हे जाणार कधी?
"जात नाही. सांभाळायचं."
मान डोलावली. ऊन जात नाही म्हणून
वेधशाळा कुणी बंद केली नव्हती.

जुन्या सवयीनं वही घातली आहे.
साडेआठ, साडेअकरा, साडेपाच, निजताना.
वारा कुठून. पंचा किती वेळ.
शेऱ्याच्या रकान्यात आज :
कुलरच्या ताट्या बदलल्या.
दवाखान्यात पुन्हा पट्टी. डावा चारच. उजवा पाच.
भास्करराव झोपले आहेत,
पाय माझ्या उशाशी.